पहिला पगार देवाचा

आमच्या ख्रिस्ती मंडळीत देवाला सगळ्या गोष्टी पहिल्या लागत. वेलीवरचा पहिला दोडका, कोंबडीचं पहिलं अंडं, आणि लेकरू कमावतं झालं की त्याचा पहिला पगार, तोही अख्खा. दुसऱ्या पगारापासून दहावा हिस्सा दिला तरी देव चालवून घेई. दान गुप्त असावं, असा उपदेश पाळकसाहेब अधूनमधून करत. तो संपला की खजिनदार उठत आणि कोणी किती दिले ते नावानिशी वाचून दाखवत.

बाबा गिरणीत साच्यावर कापड विणत. पगाराच्या दिवशी ते आधी खजिनदाराकडे जात, मग घरी येत. उरलेल्या पैशांत घर चालवायचं काम आईचं, आणि तिला जे जमत नसे ते जरीपटका वस्तीतल्या सिंधी दुकानदारानं भागवायचं. हा माणूस फाळणीत घरदार सोडून आलेला. पत्र्याच्या दुकानात डाळ-तांदूळ विकायचा आणि आम्हाला उधार द्यायचा. खरं पाहता आमच्या मंडळीचा सगळ्यांत मोठा दाता तोच. त्याचं नाव मात्र यादीत कधी आलं नाही.

मी शिक्षिका झाले तेव्हा पगार होता पंचेचाळीस रुपये आणि दुकानाची उधारी त्रेचाळीस. दुकानदारानं आईला बजावलं होतं की, या महिन्यात हिशेब पुरा झाला नाही तर पुढे दाणाही मिळणार नाही. मला वाटलं, चला, आकडे किती छान जुळले! मी तसं घरी बोलून दाखवलं.

"पयला पगार देवाचा असते वं," बाबा म्हणाले.

"मंग दुकानवाल्याचा कोणता असते?"

"तो थांबते."

"अन् देव नाही थांबत काय?"

बाबा उठून उभे राहिले. मग म्हणाले, "तू देशीन. मले मालूम आहे." एवढं बोलून ते अंगणात निघून गेले. आमच्या घरात वाद असेच मिटत.

शनिवारी पगार हातात पडताच मी सरळ दुकान गाठलं आणि त्रेचाळीस रुपये मोजून दिले. दुकानदारानं वहीतल्या आमच्या पानावर आडवी रेघ मारली आणि खूश होऊन माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. उरलेले दोन रुपये मी पाकिटात घातले.

रविवारी मी ते पाकीट रिवाजाप्रमाणे स्वतः पुढे जाऊन वेदीवर ठेवलं. बायका कौतुकानं बघत होत्या. भक्ती संपल्यावर खजिनदारांनी पाकीट उघडलं, आत बोटं घातली, मग ते उलटं करून झटकलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. शेवटी माझं नाव घेऊन म्हणाले, "पहिला पगार. रुपये दोन." मागच्या बाकावर कुणाला तरी एकाएकी खोकला लागला. पाळकसाहेब "आमेन" म्हणाले, पण जरा उशिरानं. पुरुषांच्या बाजूला बाबा खाली मान घालून बसले होते. मला लाज वाटली असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण खोटं कशाला लिहू? मला चांगलीच मजा वाटली.

बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी आईनं तांदूळ आणायला दुकानात पाठवलं. आता उधारी फिटली होती, त्यामुळे नवी उधारी करायला आम्ही मोकळे होतो. दुकानात माझ्या पुढे पाळकीणबाई उभ्या होत्या. हातात रिकामी पिशवी.

"बाईजी, तीन महीने का बाकी है, पिछले इतवार का बोला था आपने," दुकानदार म्हणत होता. "किसी लड़की की पहली पगार आएगी, साहब को तनखा मिलेगी, बोला था."

"नाही आली," पाळकीणबाई म्हणाल्या. वळल्या तर समोर मी. "सलाम बाई," म्हणाल्या, नेहमीसारख्याच हसल्या आणि पिशवीची घडी काखेत धरून निघून गेल्या.

मिशनचे साहेब मायदेशी परतल्यापासून पाळकांचा पगार आमच्या दानातून निघे, हे मला माहीत होतं. तो तीन महिने निघालाच नाही, हे माहीत नव्हतं. संध्याकाळी मी बाबांना गाठलं.

"तुमाले मालूम होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"पाळकाच्या घरी चूल पेटत नाही, हे काय सांगाची गोष्ट आहे वं?"

मी खूप चिडले. बाबांवर, खजिनदारावर, आणि त्या गुळाच्या खड्यावरसुद्धा, कारण तो मी चवीनं चघळला होता. चार दिवस ज्या हुशारीवर मी खूश होते, तिनं एक घर उपाशी ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले. "पाळकीणबाईंना महिन्याचं सामान पाठवा," म्हटलं, "आणि कुणी पाठवलं ते सांगू नका."

"पैसा?"

"लिहून ठेवा."

त्यानं वही उघडली आणि सवयीनं बाबांचं पान काढू लागला. मी त्याला थांबवलं आणि नवं पान काढायला लावलं. त्यावर त्यानं माझं नाव लिहिलं. घरी मी यातलं अक्षरही सांगितलं नाही, आणि बाबांनी आजवर दुसऱ्यांच्या चुलीसाठी अशी किती पानं आमच्यापासून लपवली असतील, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.