भोंगाबाईची हाक

आमच्या किनाऱ्यावर कणसं भाजणाऱ्या बाईला सगळे भोंगाबाई म्हणतात. तिला त्याचा राग नाही, उलट तोराच आहे. माझं केस कापायचं दुकान किनाऱ्याच्या रस्त्यावर, वाळूत उतरणाऱ्या पायऱ्यांच्या समोर आहे. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला, रस्त्याकडे तोंड करून ती बसायची. पुढ्यात पत्र्याच्या बादलीची शेगडी, एका हातात पुठ्ठ्याचा पंखा, दुसऱ्या हातात कणीस आणि नजर दोन्हींवर नाही. नजर रस्त्याच्या वळणावर. त्यामुळे कणसं एका बाजूनं कच्ची आणि दुसऱ्या बाजूनं कोळसा, पण कुणी तक्रार करत नसे. तक्रार केली तर ती काय ऐकवेल याचा अंदाज तिच्या आवाजावरूनच यायचा.

त्या वळणावर नगरपालिकेची जप्तीची गाडी दिसली की भोंगाबाई उठून उभी राहायची, वाळूकडे तोंड वळवायची आणि एकच हाक घालायची: "आऽऽली!" बस्स. काय आली, कुठून आली, हे सांगायची गरज नव्हती. अख्ख्या किनाऱ्यावरचे विक्रेते त्या एका शब्दावर गायब. माळा, चष्मे, खेळणी, सगळ्यांचा माल चादरीवर मांडलेला आणि चादरीच्या चारही टोकांना दोऱ्या. दोऱ्या ओढल्या की दुकानाचं गाठोडं, आणि गाठोडं पाठीला लागलं की सुसाट. सगळ्यांत शेवटी कढत बादली हातात घेऊन स्वतः भोंगाबाई. त्या हाकेला माझा वस्तरा कितीदा दचकलाय, आणि कुणाकुणाचे कान थोडक्यात वाचलेत, ते मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.

किनाऱ्याचा एक नियम होता. हाक आली की मागं वळून बघायचं नाही. आधी पळायचं, मग विचारायचं. खात्री करून घ्यायला जो थांबला, त्याचा माल गाडीत गेला. हे शहाणपण प्रत्येकानं आपापला माल घालवून कमावलं होतं.

भोंगाबाईची धाकटी जाऊ खाली वाळूत शिंपल्यांच्या माळा विकायची. दोघींचे नवरे मासेमारीच्या बोटीवर. म्हणजे घरी नसले की बोटीवर, आणि घरी असले की झोपेत. घर म्हणजे एक खोली, मधे पडदा, पडद्याच्या दोन बाजूंना दोन चुली. दोघींचं पटायचं नाही. पाण्याच्या पिंपावरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून, पडदा कुणी किती सरकवला यावरून रोज जुंपायची. पण किनाऱ्यावर आलं की जाऊ रस्त्याकडे पाठ करून निर्धास्त बसायची. पाठीमागे भोंगाबाई आहे, एवढं तिला पुरायचं.

मग आमच्या गावाचं नशीब उजळलं, म्हणजे गावाचा पर्यटन विकास व्हायचं ठरलं. एक साहेब आले. भला माणूस, फक्त त्यांना किनाऱ्यावर किनारा सोडून सगळं हवं होतं. त्यांनी वाळू चाळून घेतली, भिंतीवर लाटा रंगवल्या (पलीकडे खऱ्या होत्या, पण त्यांचा रंग साहेबांना पसंत नव्हता) आणि लाकडी टपऱ्यांची एक रांग उभी केली. त्या टपऱ्यांत म्हणे 'अस्सल स्थानिक विक्रेते' बसवायचे होते. बाकीच्यांनी किनारा सोडायचा.

अस्सल कोण, हे साहेबांनी चेहरे बघून ठरवलं. भोंगाबाईच्या तोंडावर उन्हानं पडलेल्या सुरकुत्या बघून ते इतके हरखले की दोनदा प्रदक्षिणा घालून बघून घेतलं. जाऊ मात्र नापास झाली. तिनं डोक्याला क्रिकेटची टोपी घातली होती आणि डोळ्यांना चष्मा. जन्म याच वाळूत गेला, पण चेहरा पुरेसा स्थानिक भरला नाही.

"मला नको तुमची टपरी," भोंगाबाई साहेबांना म्हणाली. "हिला नाही तर मलाही नाही."

"घ्या हो जाऊबाई," जाऊच म्हणाली. "टपरीतून रस्ता चांगला दिसेल. मी बसते पलीकडे, खडकांपाशी. तुमची हाक तिथवर येते."

"येते म्हणजे? पार बोटीवर आपल्या नवऱ्यांना ऐकू जाते."

"त्यांना ऐकू जाऊन काय उपयोग," जाऊ म्हणाली, आणि व्यवहार ठरला.

टपरीत भोंगाबाईला झालरीचं एप्रन आणि गवताची टोपी मिळाली. असला पोशाख आमच्या गावात कधी कुणी घातला नव्हता, पण साहेबांना तो पारंपरिक वाटत होता. धुरामुळे कोळसा बंद झाला आणि विजेची शेगडी आली. कणसांना वास येईना, म्हणून कोपऱ्यात भाजल्याचा वास सोडणारं यंत्र बसवलं. त्या वासानं मला भर दुपारी मळमळायचं.

उद्घाटनाला मंत्री आले. टपऱ्यांपुढे फीत बांधलेली, शेजारी कात्रीचं तबक धरून चष्मेवाला उभा, तोही एप्रन-टोपीत. तेवढ्यात वळणावर एक गाडी दिसली. कार्यक्रमाच्या खुर्च्या आणायला नगरपालिकेनं आपली जप्तीचीच गाडी धाडली होती. तिच्यावर नुकतेच हसरे डॉल्फिन रंगवले होते, पण भोंगाबाईला कोण फसवणार? तिला ते चेपलेलं नाक आणि ते खोकणारं इंजिन ओळखायला डॉल्फिन आडवे येत नव्हते. सवयीनं तिचं तोंड उघडलं.

"आऽऽली!"

आणि शासनमान्य, निवडक, अस्सल विक्रेत्यांची ती अख्खी रांग पळाली! टपऱ्या सोडून, टोप्या सोडून, हाताला लागेल तो माल कवटाळून, एकही जण मागं न बघता. चष्मेवाला तबक घेऊन पळाला, तबकात कात्री. मंत्री फितीसमोर रिकाम्या हातानं उभे. मी दुकानाच्या दारात इतका हसलो की खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं बाहेर बघायला आलं.

आता यांची टपरी गेली, असं मला वाटलं. पण माझ्या दोन पैशांच्या अकलेला पर्यटन काय कळणार? फिरायला आलेल्यांनी सगळा प्रकार फोनवर टिपला होता. दुसऱ्या दिवशी बसभर लोक उतरले आणि विचारू लागले, ते पळण्याचं कधी आहे?

साहेब क्षणभरही अडखळले नाहीत. "रोज संध्याकाळी," ते म्हणाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्याकडे जप्तीचा खेळ होतो. डॉल्फिनची गाडी येते, भोंगाबाई गळ्यात माईक अडकवून हाक घालते, एप्रनवाले पळतात, लोक टाळ्या वाजवतात. पुढे गाडी हळू आणायला सांगितली, कारण फोटो हलत होते. पळणाऱ्यांना हसून पळायला सांगितलं. चष्मेवाला पळता पळता मागं वळून हात हलवायला शिकला. ज्या गोष्टीपायी त्याचा माल गेला होता, तिच्यासाठी आता त्याची पाठ थोपटली जात होती.

फक्त खडकांपाशी बसणाऱ्या जावेला हा खेळ परवडेना. हाक आली की ती गाठोडं घेऊन पळायची, आणि ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी दम लागून परत यायची.

"संध्याकाळची हाक खोटी असते, ती ऐकू नकोस," भोंगाबाईनं पडद्यापलीकडून सांगितलं.

मग सुट्ट्यांचा हंगाम आला आणि साहेबांनी खेळ वाढवले. दुपारी एक, बस आली की आणखी एक, कुणा बड्या पाहुण्यासाठी मधेच एक.

"आता हो?" जावेनं विचारलं.

"आता आधी वळून माझ्याकडे बघत जा. लोक टाळ्या वाजवत असले तर खोटी."

मी हे ऐकलं तेव्हा मला किनाऱ्याचा नियम आठवला. पण मी पुढची दाढी करायला घेतली. दोघी जावांच्या मधे पडून कुणाचं भलं झालंय?

एका दुपारी खेळ संपला, गाडी वळली आणि निघून जायच्या ऐवजी खडकांच्या दिशेला लागली. तिकडच्या नव्या हॉटेलानं तक्रार केली होती की त्यांच्या पाहुण्यांना खिडकीतून गबाळे विक्रेते दिसतात. गाडी तीच, माणसं तीच, आता काम खरं.

भोंगाबाईनं ते बघितलं आणि ओरडली. माईक केव्हाच बंद केलेला होता, तिला त्याची गरजही नव्हती. "आऽऽली! अगं पळ! खरी आहे, पळ!" टोपी पडली, एप्रनात पाय अडकला, तशी ती वाळूतून धावत सुटली. पर्यटकांना वाटलं, आज खेळ मोठा आहे. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कुणी शिट्टीही मारली.

सांगितल्याप्रमाणे जावेनं वळून बघितलं. तिला झालर दिसली, डॉल्फिन दिसले, टाळ्या वाजवणारे लोक दिसले. तिनं हसून हात हलवला आणि एका गिऱ्हाइकाच्या गळ्यात माळ घालून बघत राहिली. गाडीतल्या माणसांनी चादरीची टोकं धरली तेव्हासुद्धा तिला क्षणभर हसूच आलं. मग चादर उचलली गेली. भोंगाबाई पोचली तोवर वाळूत चार-दोन शिंपले आणि जावेची टोपी एवढंच उरलं होतं.

जाऊ भांडली नाही. रोज पिंपावरून घर डोक्यावर घेणारी बाई एवढंच म्हणाली, "मी बघितलं हो वळून. तुम्हीच सांगितलं होतं."

दुसऱ्या दिवशी साहेब टपरीपाशी आले ते खुशीत.

"कालची हाक काय होती हो! अंगावर काटा आला. रोज तशीच द्या. जीव ओतून."

भोंगाबाईनं एप्रन सोडलं, घडी घातली, त्यावर माईक ठेवला. भोंगाबाई काही न बोलता गेली, हे गावानं पहिल्यांदा पाहिलं. साहेबांचं मात्र काही अडलं नाही. आदल्या दिवशीची हाक कुणीतरी फोनवर टिपलेली होतीच. ती आता कर्ण्यावर लावतात. "अगं पळ, खरी आहे" हे शब्द कापून टाकलेत, कारण ते खेळात बसत नाहीत.

हल्ली दोघी खडकांपाशी शेजारी शेजारी बसतात. एकीची जुनी बादली, दुसरीची नवी चादर. कर्णा ओरडला की माझा वस्तरा अजून दचकतो. नवं गिऱ्हाईक विचारतं, कोण ओरडलं? मी सांगतो, कुणी नाही, मान सरळ ठेवा.

खरी गाडी अधूनमधून येते. भोंगाबाईला ती सगळ्यांच्या आधी दिसते, पण ती ओरडत नाही. ओरडली तर लोक टाळ्या वाजवतील आणि पळणारे वळून हसतील. ती जावेला कोपरानं ढोसते, आणि दोघी उठून पळतात. बाकीच्या किनाऱ्याला काहीच कळत नाही.