गुप्तहेराचा कॉल कुणी लावला?

आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. कानाला हेडफोन लावून आठ तास बसायचं आणि लोकांचं बोलणं ऐकायचं नाही, असा नियम होता. पण ते ऐकू येऊ नये अशी सोय काही सरकारनं केली नव्हती! मग साठणारच. खानदेशातलं हे गाव कुठलं ते सांगत नाही, तिथली माणसं मला अजून ओळखतात. गावात हेरगिरीचा सिनेमा लागला की आम्ही तिघं हटकून जायचो: मी, आमच्या सुपरवायझर अक्का आणि मेकॅनिक नाना. टेलिफोन कसा दाखवलाय, ते तपासायला!

*

पहिला सिनेमा साठच्या दशकातला. हिरोला लंडन हवं होतं. गळ्यात मोत्यांची माळ घातलेल्या ऑपरेटरनं बोर्डात दोरी खुपसली आणि लंडन हजर! आम्हाला शिरपूर लावायला अर्धा दिवस लागायचा.

व्हिलननं पिस्तूल काढलं तेवढ्यात अक्का लेडीजच्या बाकांमध्ये उभ्या राहिल्या. "अहो, हिची दोरी रिकाम्याच भोकात आहे!"

थेटर खो खो हसलं. मॅनेजर धावत आला, "बाई, लोकांना पिच्चर बघू द्या!"

"मग तिला कॉल नीट लावायला सांगा!"

*

पुढे पडद्यावरचे ट्रान्समीटर बारीक होत गेले. बुटात, लायटरमध्ये, साबणाच्या डबीत. नानाच्या अंगात आलं. टेस्ट मॅचच्या दिवशी त्यानं जेवणाच्या डब्यात ट्रान्झिस्टर बसवून आणला. साडेअकराला बोर्ड शांत झाला आणि डबा बोलू लागला.

"नाना, डब्यात काय आहे?"

"शेवभाजी, अक्का."

"मग ती इंग्रजीत का बोलतेय?"

डबा जप्त झाला. संध्याकाळपर्यंत स्कोअर मात्र अक्काच सांगत होत्या.

*

एका सिनेमात हेर सांकेतिक भाषेत बोलायचे, कारण लाइनवर कुणीतरी टेप लावून बसलेलं. तो बघून आमच्या गावातल्या कापसाच्या एका शेठजींनी धसका घेतला. दुसऱ्या दिवशी जळगावला भावाशी बोलताना आवाज घोगरा करून म्हणाले, "काळा कावळा उडाला काय?"

भावानं सिनेमा बघितला नव्हता. "कसला कावळा? भाईसाब, तब्येत ठीक आहे ना?"

"अरे, काळा कावळा! रात्री उडणार होता तो!"

"घरात कुणी आहे का? फोन द्या त्यांना!"

शेवटी शेठजी वैतागून ओरडले, "ओ ऑपरेटरबाई, तुम्हीच सांगा याला! ट्रक निघाला काय, विचारतोय मी!"

मी ऐकत नव्हतेच. पण सांगितलं.

*

मग पडद्यावरच्या फोनमध्ये समोरच्याचं तोंड दिसायला लागलं. तो सिनेमा पिंपळनेरच्या तंबूत लागला. आठवड्याभरात तिकडचे एक आबा एसटीनं आमच्याकडे आले, मुलाला फोन करायला. नवं धोतर, मिशीला तेल. बूथबाहेर उभं राहून काचेत बघत होते.

"आबा, कुठं लग्नाला निघालात का?" मी विचारलं.

"नही वो! मना पोऱ्या माले दखी ना!"

फोनमधून पोरगा आपल्याला बघणार, अशी त्यांची समजूत! मी हसणार होते. अक्कांनी डोळे वटारले. मग आबांना म्हणाल्या, "टोपी जरा डावीकडे घ्या. हां, आता बोला."

*

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरच्या सिनेमात भिंतभर दिवे लुकलुकणारा कॉम्प्युटर होता. हेरानं स्वतःच बटणं दाबली आणि पलीकडे थेट जर्मनीतलं बॉन! घरी येताना अक्का एवढंच म्हणाल्या, "ती ऑपरेटर पोरगी कुठं गेली गं?" मला फार वाईट वाटलं.

*

वर्षभरात आमच्याकडेही ऑटोमॅटिक यंत्र आलं. लोक आता जळगाव स्वतःच फिरवणार, ऑपरेटर नको. अक्कांची नागपूरला बदली ठरली. पेन्शनला दोन वर्षं राहिलेली, यजमान पक्षाघातानं अंथरुणावर. ऑर्डर तयार होती. उद्घाटन झालं की मोठे साहेब सही करणार होते.

साहेबांनी डायल फिरवला. शांतता. पुन्हा फिरवला. पुन्हा शांतता. पुढारी, व्यापारी, हार घेतलेली मंडळी, सगळी बघतायत!

नाना मागच्या खोलीत पळाला. तारा हलवून त्यानं साहेबांचा फोन गुपचूप जुन्या बोर्डावर आणला. तिथं बोर्डावर अक्का होत्या, जळगाव लावून तयार. तिसऱ्यांदा डायल फिरला आणि जळगावचे साहेब "हॅलो" म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट! दोन्ही साहेब केळी, ऊन, प्रमोशन यांवर बोलत बसले.

ट्रंक कॉल तीन मिनिटांचा, आणि अक्कांची पंचवीस वर्षांची सवय. घड्याळ बघून त्या लाइनवर बोलून गेल्या, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

मी मागच्या खोलीच्या दारातच उभी होते. पटकन दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले. साहेबांनी चकचकीत यंत्राकडे बघितलं, मग माझ्यामागच्या बंद दाराकडे.

"वाढवा, अक्का," ते फोनमध्ये हळूच म्हणाले.

बोलणं संपवून ते माइकपाशी गेले. "यंत्र उत्तम आहे. फक्त त्याला अजून दोन वर्षं सोबत लागेल."