काळा दाणा चालणार नाही

अड्याळला आमची भातगिरणी होती. धान उकडून तांदूळ करायचा, बॉयलरमध्ये धानाचाच भुसा जाळायचा. काजळी साऱ्या आळीवर पडे. म्हणून एक रीत होती. उन्हाळ्यात आळीतल्या बायका गव्हाच्या चिकाच्या कुरोड्या घालत, त्या दिवशी बॉयलर बंद. कुणाकडे कधी चीक शिजणार, हे घरोघर विचारून बाबांना सांगणं माझं काम. ते मी चोख करी.

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात मुंबईच्या व्यापाऱ्याकडून आखाती देशात जाणाऱ्या तांदळाची ऑर्डर आली. काळा दाणा चालणार नाही आणि जहाज चुकवायचं नाही, या अटी. मी नागपूरच्या कॉलेजचा हट्ट धरला होता. बाबांनी ऑर्डर घेतली.

त्याच आठवड्यात समोरच्या काकू लेकीच्या रुखवताच्या कुरोड्या घालणार होत्या. मी आदल्या दिवशी सांगायला गेले.

"काकू, उद्या भट्टी चालूच राह्यते."

"मंग भिजवलेला गहू काय नदीत टाकू?" मग त्याच हसल्या. "तुह्या बापाले सांग, धुराले म्हणावं, तूही जहाजात बस तांदळासंगं."

धूर इथंच राहिला. गिरणीत बाया सुपांतून काळे दाणे वेचत होत्या. बाहेर मी आणि काकूंची लेक कुरोड्या घातलेल्या बाजेवर जुनं लुगडं ताणून उभ्या होतो, तरी वाऱ्यानं काजळी आत येतच होती.

लग्नात वरपक्षाची एक बाई रुखवतापुढे थांबली. "काहून वो, कुरोड्या चुलीवर वाळवल्या का?" सगळ्या हसल्या. नवरीनं मान वर केली नाही.

आता बातम्यांत कोणत्या देशाचा धूर किती, यावर वाद चालतो. मला ती बाज आठवते. भात परदेशात शिजला, कॉलेज मी केलं, खाली मान त्या पोरीला घालावी लागली.

मी नागपूरला निघाले तेव्हा काकूंनी डबा हातात दिला. "रुखवतातल्या उरल्या. तळल्या का काळं दिसत नाही. खाय."

हॉस्टेलवर मैत्रिणींनी त्या तळून फस्त केल्या. तू का घेत नाहीस, असं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मला कुरोड्या आवडत नाहीत.