ओनेझिमची चुकलेली खिंड

ओनेझिम तिबोदोने रॉकी पर्वतात तीस वर्षं काढली. आधी कातड्यासाठी बीव्हर नावाचे पाणप्राणी सापळ्यात धरत, आणि बीव्हर संपल्यावर सरकारी मोजणीवाल्यांना वाट दाखवत. एकदा पाहिलेला डोंगर तो विसरत नसे. पण अठराशे त्रेपन्नच्या उन्हाळ्यात डोंगरच त्याला दिसेनासे झाले. दूरचं सगळं दुधात बुडाल्यासारखं.

हे ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, शोशोनी जमातीच्या हुइत्सूला. ती आपलं खेचर त्याच्या खेचराला भिडवून चाले आणि तिच्या भाषेत हळूच सांगे, "डावीकडे तुटका सुळका. खाली दोन ओढे." मग हा ऐटीत हात करी, "इकडून!" मागची मोजणीवाली चोवीस माणसं निमूट वळत.

ऑक्टोबरात, ऐन चढणीवर, भरदुपारी बर्फाने गाठलं.

"आता मलाही काही दिसत नाही रे," हुइत्सू म्हणाली.

त्याने लगाम ओढला. खिंडीत वारा समोरून यायला हवा होता. हा खालून येत होता, थेट हनुवटीवर.

"थांबलास का?" मोजणीवाल्यांचा प्रमुख लेफ्टनंट हॅरल्सन मागून ओरडला.

"साहेब, ही ती खिंड नाही."

"सकाळी तूच म्हणालास ना, हीच म्हणून?"

ओनेझिम खेचरावरून उतरला. "मला दिसत नाही साहेब. जूनपासून दिसत नाही."

"म्हातारा मस्करी करतोय," आचारी हसला. बाकी कुणी हसलं नाही.

"हरामखोरा, चोवीस जीव तुझ्या भरवशावर इथवर आले!" लेफ्टनंटने पुढे जायला खेचराला टाच मारली. हुइत्सूने खाली उडी मारून, धावत जाऊन त्याच्या खेचराचा लगाम धरला, आणि दुसऱ्या हाताने एक धोंडा पुढे भिरकावला. सगळे कान देऊन उभे राहिले. धोंडा पडल्याचा आवाज आलाच नाही.

परतायला दोन दिवस लागले. आचाऱ्याच्या पायाची तीन बोटं गारठून गेली. ठाण्यावर पोचताच लेफ्टनंटने ओनेझिमला हाकलून दिलं.

पुढे नऊ वर्षं तो हुइत्सूच्या भावांकडे, सपाट माळावर राहिला. तंबूबाहेर पडला की काठीने जमीन चाचपल्याशिवाय पाऊल टाकत नसे.

"अहो दाजी, इथे कुठला आलाय कडा?" मेव्हणे चिडवत.

"असेल," तो म्हणे, आणि पुन्हा काठी आपटून बघे.