सणाला फळा बंद

सोलापुरात तुमची बेने इस्राएल ज्यूंची घरं किती, असं कुणी विचारलं की मी विषय बदलते. मोजायला एक हात पुरतो, आणि त्यातलं एक घर तर अकलूजचं, ते मी ओढूनताणून सोलापुरात धरते. माझं घर शुक्रवार पेठेत. गल्लीतल्या लोकांना आमच्याबद्दल एवढंच ठाऊक, की ही माणसं शनिवारी काम करत नाहीत आणि ह्यांचे सण कालनिर्णयाच्या वेळेला न जुमानता येतात.

मी मराठी शाळेत गणित आणि कॉम्प्युटर शिकवते. आमच्या वर्गात स्मार्ट फळा बसला, तेव्हा बाकीचे शिक्षक त्याला धूळ पुसण्यापुरता हात लावायचे. मी मात्र हेडमास्तरांच्या मागे लागून रविवारची सकाळ मागून घेतली. आमच्यात शिकायच्या वयाची मुलं तीन. त्यांना हिब्रू वाचता आलंच पाहिजे, हे मी मनाशी पक्कं केलं होतं, आणि मी एकदा पक्कं केलं की घरच्यांचीही डाळ शिजत नाही.

धडे मीच बनवले. प्रत्येक सणाला एक पान. एका बाजूला हिब्रू नाव, दुसऱ्या बाजूला आमच्या जुन्या बायकांनी ठेवलेलं नाव: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. मुलांना खाणं आधी आठवायचं, सण मागून. प्रार्थनेच्या पानावर माझ्या आवाजातलं वाचन भरलं होतं, आणि आवाज जसा पुढे सरकेल तसा एकेक शब्द पिवळा उजळायचा. मुलं त्याच्याबरोबर घडाघडा म्हणायची. दार उघडायला येणारे शिपाईमामा एकदा बराच वेळ बघत उभे राहिले.

"बाई, फळा बिगाडलाय जणू. उलटीकडनं उजळतुया की."

"बिघडला नाही मामा. आमची लिपी उजवीकडून चालते."

"मंग बराबर हाय. आमच्या शेजारची उर्दू शाळंतली पोरं बी तसंच लिवत्यात."

सोलापुरात राहण्याचा हा एक फायदा आहे. इथं कुणाला कशाचं फार नवल वाटत नाही.

नवल वाटायचं ते आमच्या काकांना. काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र, रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि आमच्याकडची प्रत्येक प्रार्थना चालवणारे एकमेव गृहस्थ. त्यांचा आवाज असा, की पहिल्या शब्दाला सगळे ताठ बसतात. माझ्या फळ्यावर त्यांचा राग होता, आणि त्याला कारणही घडलं होतं. नव्याच्या सणाआधी मी त्यांना शोफार वाजवायला वर्गात बोलावलं. शोफार म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य. तिघांतली अकलूजची मुलगी त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर होती. काकांनी जीव एकवटून शिंग फुंकलं, पण मोबाइलमधल्या त्या शहाण्या अॅपला तो गोंगाट वाटला आणि त्यानं आवाज पुसून टाकला. मुलीला दिसले फक्त काकांचे फुगलेले गाल. ती पोट धरून हसायला लागली. काकांनी शिंग पिशवीत घातलं आणि चहा न घेता निघून गेले.

पुढे फाल्गुनात ते माझ्या घरी आले आणि पाणी प्यायच्या आधीच बोलले.

"सणाला विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, हे तुला मी सांगायला हवं का? ज्या दिवसासाठी शिकवतेस, त्याच दिवशी तुझा फळा बंद. मग पोरं काय वाचणार?"

"पुस्तक वाचतील."

"बघू. पेसाहला धाकटी पोर चार प्रश्न विचारेल ना, तिनं पुस्तकातून वाचून दाखवावं. नाही जमलं, तर मी मराठी अक्षरांतली पुस्तकं वाटतो आणि हा हिब्रूचा खटाटोप बंद करायचा. आपल्या मागच्या लोकांचं काही अडलं नाही."

पेसाह म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा आमचा सण, आणि त्या रात्री सगळ्यांत लहान मुलानं पुस्तकातले चार प्रश्न विचारायची रीत आहे. धाकटी म्हणजे अकलूजची. वय अकरा. तिचे वडील साखर कारखान्यात केमिस्ट, आणि अख्ख्या गावात आमचं तेवढं एक घर. तिची आई दर रविवारी पहाटेची एसटी धरून तिला घेऊन यायची. तिघांत तीच सर्वांत चांगली म्हणायची, म्हणून मी काकांना तोऱ्यात सांगितलं, "चालेल."

त्यानंतरच्या रविवारी वर्ग चालू असतानाच लाईट गेली. फळा काळा झाला. मी म्हटलं, काही बिघडत नाही, पुस्तक काढा. धाकटी चार प्रश्नांसाठी उभी राहिली, पहिली ओळ झोकात म्हणाली, दुसरीही म्हणाली. मी सहज तिच्या पुस्तकात डोकावले, तर पान चुकीचं होतं. तिला ते कळलंच नव्हतं. मी बरोबर पान काढून मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा काय? तिनं पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणायला घेतलं. दुसरा विचारला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मावशी, पिवळं झालं की येतंय मला. असं नुसतं न्हाय येत."

मला तिचा नाही, माझा राग आला. इतके महिने मी वाचायला शिकवत नव्हतेच, सूर पाठ करून घेत होते. पिवळा रंग पोरांचा हात धरून चालला होता आणि मी मागून टाळ्या वाजवत होते. घरी येऊन मी दुपारी हग्गादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचतो ते पुस्तक, मधूनच उघडलं आणि कधी न शिकवलेलं पान वाचायला घेतलं. चौथ्या शब्दाला अडखळले. पाचव्याला थांबले. मी स्वतःही वडिलांच्या तोंडून ऐकून शिकले होते. जी पानं पाठ होती तेवढीच मला वाचता येत होती. लाज वाटली, आणि त्या लाजेपोटीच मी पेटले.

पेसाहला पाच आठवडे होते. मी आधी ते पिवळं उजळणं काढून टाकलं, मग माझा आवाज. फळा मात्र सोडला नाही, तो माझा हट्ट. पुस्तकावर धरायचा कॅमेरा लावला, पान झाकलं आणि मधली कुठलीही एकच ओळ उघडी ठेवली. कधी खालची, कधी वरची. पाठांतराला तिथं जागाच उरली नाही. आमचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा शनिवार, शुक्रवारी संध्याकाळीच लागतो; ती सोडून रोज संध्याकाळी मी धाकटीला एका ओळीचा फोटो पाठवायची. तिनं ती वाचून आवाज पाठवायचा, मीही माझा पाठवायचा, आणि मग दोघींनी इंटरनेटवरच्या वाचनाशी ताडून बघायचं. पहिल्या आठवड्यात ती इतकी वैतागली की आईजवळ म्हणाली, मला जायचंच नाही. तिच्या आईनं मला फोन केला.

"ताई, लई रडती ओ. जरा कमी करा की."

"एक आठवडा थांबा," मी म्हटलं. "मीही रडतेच आहे."

तिसऱ्या आठवड्यात तिनं माझी चूक पकडली. "मावशी, तुम्ही घाईत एक शब्द गिळला," असा निरोप आला. मी पुन्हा ऐकलं, तर खरंच गिळला होता. तो निरोप मी अजून पुसलेला नाही.

पेसाहला सगळे माझ्याकडे जमले. सूर्य मावळायच्या आत मी दिवे आणि पंखे लावून ठेवले, मोबाइल कपाटात टाकले. मुंबईहून मागवलेले मत्झाचे, म्हणजे बिनखमिराच्या रोट्यांचे, पुडे ताटात, खजुराचा रस वाटीत. मुलगी उठली. पहिले दोन प्रश्न तिनं नीट वाचले. तिसऱ्यात ती एका शब्दापाशी अडली. काका सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी हात वर केला. तिनं बोट शब्दाच्या सुरुवातीला नेलं, एकेक अक्षर जोडलं आणि वाचला. मग चौथा प्रश्नही वाचून खाली बसली. काकांनी मान डोलावली, एवढंच. मला वाटलं, जिंकले. आता सुखानं जेवेन.

पुढे दय्येनू आलं. देवानं काय काय दिलं त्याची एकेक ओळ काका म्हणतात, आणि प्रत्येक ओळीनंतर आम्ही सगळे "दय्येनू" म्हणतो, म्हणजे एवढंच दिलं असतं तरी पुरे होतं. हे गाणं आम्हाला इतकं तोंडपाठ, की पुस्तकात कुणी बघत नाही. मीही बघत नव्हते. काकांचा आवाज रंगात आला होता. रानात आभाळातून पडलेलं अन्न, तो मान्ना झाला, सीनाय डोंगर आला, आणि मुलगी म्हणाली, "आजोबा, एक राहिलं."

सगळे थांबले. तिची आई दबक्या आवाजात म्हणाली, "गप बस की."

"नाही, खरंच राहिलं. मान्ना झाल्यावर शब्बाथची ओळ आहे. मग डोंगर."

मी घाईघाईनं पुस्तक उघडलं आणि बोट फिरवत गेले. ओळ होती. काकांनीही आपलं पुस्तक पुढे ओढलं, पण त्यांची नजर पानावर नुसतीच फिरत राहिली. त्यांच्यासमोर अजून चार प्रश्नांचं पान होतं. त्यांना चारचौघांत असं उघडं पाडायचं माझ्या मनातही नव्हतं, आणि काही तरी बोलून ते झाकावं म्हणून मी शब्द शोधत होते.

काकांनीच पुस्तक मिटलं.

"मला अक्षर येत नाही," ते म्हणाले. "बाप गिरणीतून आला की मांडीवर घेऊन म्हणायला लावायचा. त्याच्याकडूनच राहिली असेल, नाहीतर माझ्याकडून." मग मुलीकडे वळून म्हणाले, "तू वाच. आम्ही मागनं म्हणतो."

तिनं बोट ठेवून ती ओळ वाचली, सावकाश, एकही शब्द न गिळता. काकांच्या आवाजामागून आम्ही सगळे दय्येनू म्हणालो. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, दर साली न चुकता हा सण करूनही, ती ओळ मी पहिल्यांदाच ऐकत होते.