लांब टांगेची खोड

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. वडलांना नव्या कलेक्टर कचेरीत शिपायाची नोकरी लागली आणि निलंग्याकडचं बौद्धवाड्यातलं घर सोडून आम्ही लातूरला एका डाळमिलीमागच्या खोलीत आलो. मी नववीत होते. त्या वर्षी पाऊस झालाच नाही. टँकर आला की सगळी गल्ली घागरी घेऊन पळायची आणि मी मात्र शाळेच्या मैदानाकडं. शेजारच्या काकू आईला ऐकवायच्या, "प्यायला पाणी न्हाई, अन् तुमची पोरगी घाम गाळून राहिली."

आई म्हणायची, "घाम तिचा हाय. तुमच्या घागरीतला न्हाई."

मी पळायचे ती निव्वळ अंगातल्या जोरावर. टांग जितकी लांब तितका वेग जास्त, अशी माझी समजूत. मैदान वाळून फरशीसारखं टणक झालेलं. टाच आपटली की हादरा दातापर्यंत जायचा. थंडी पडेपर्यंत दोन्ही नडग्या अशा ठणकायला लागल्या की पायऱ्या उतरताना मी भिंत धरायचे. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या यादीतून खेळाच्या सरांनी माझं नाव खोडलं. म्हणाले, "तुझे पाय कामातून गेले. आता शिवणकाम शीक."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लंगडत पोलीस मैदानावर गेले. नव्या जिल्ह्यासाठी नांदेडहून बदलून आलेल्या एक महिला पोलीस शिपाई तिथं रोज पळत. मी त्यांच्या मागं धावू लागले. अर्ध्या फेरीतच त्या थांबल्या.

"केवढा आवाज करून राहिलीस! मागं न बघता कळतंय तू कुठं हायस ते."

"सर म्हणाले माझे पाय गेले."

त्यांनी वाकून माझी नडगी अंगठ्यानं दाबून पाहिली. मी ओरडले.

"पाय न्हाई गेले. पाय पुढं फेकतीस, अन् त्याच पायानं सोताला अडवतीस. आधी दोन आठवडे पळणं बंद."

"ताई, मला थांबायचं नाही!"

"मग जा शिवणकामाला."

मी थांबले. चालत राहिले. घराच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून पोटऱ्या दुखेपर्यंत वरखाली केलं. दुखणं उतरल्यावर ताईंनी मला शहराबाहेरच्या कोरड्या ओढ्यातल्या वाळूवर नेलं. पावलं छोटी, पण भराभर. पाय पुढं नाही, बरोबर शरीराखाली टेकायचा. गुडघा किंचित वाकलेला, खांदे सैल, मुठी सैल. मी दात आवळले की त्या म्हणायच्या, "तोंडानं पळतीस का?" पहिले काही दिवस मी कोंबडीसारखी तुरुतुरु पळते आहे असंच वाटायचं. वेग गेला म्हणून मी चिडायचे. मग एका सकाळी ताईंनी घड्याळ माझ्यासमोर धरलं. तेवढंच अंतर मी पूर्वीपेक्षा लवकर कापलं होतं, आणि दम शिल्लक होता.

मी सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. "सरांनी निवडलेल्या मुलीबरोबर माझी शर्यत लावा. हरले तर पुन्हा तोंड दाखवणार नाही."

तिथंच बसलेले सर हसले. बाई हसल्या नाहीत. त्याच संध्याकाळी मैदानाच्या चार फेऱ्या ठरल्या. ती मुलगी उंच होती. पहिल्या दोन फेऱ्या तीच पुढं. सुरुवातीला मला टांग लांब टाकायचा मोह झाला. टाकली नाही. तिसऱ्या फेरीत तिची पावलं जड पडू लागली. मी तिला ओलांडलं तेव्हा तिनं दचकून बाजूला पाहिलं. मी जवळ आल्याचं तिला ऐकूच आलं नव्हतं.

जिल्ह्याच्या स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. शाळेत कौतुक झालं तेव्हा सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ही आमची तयारी."

मी तिथंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सर, तुम्ही माझं नाव खोडलं होतं. मला ताईंनी शिकवलं."

महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

आता मी नांदेडला राहते, पन्नाशी ओलांडली आहे. विष्णुपुरीच्या रस्त्यावर पळताना ओळखीचे लोक गाडी हळू करून सांगतात, "मॅडम, या वयात गुडघे जातील." मी हात करते आणि पुढं जाते. त्यांना उत्तर देत बसले तर दम जाईल.