भाजणीच्या पिशवीत

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नाही. आईला नाही, बहिणीला नाही — आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवी होती तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? स्वतःचाच इतका वैताग आलाय की आता गिळून ठेवता येत नाही, एवढंच.

आम्ही नेदरलँड्सला, विमानतळाजवळच्या बाडहूव्हडॉर्प गावात राहतो. कोरोनाच्या पहिल्या हिवाळ्यात मी जवळच्याच एका गोदामात पार्सलं पॅक करायचं काम धरलं. सकाळची पाळी, म्हणजे इथल्या हिवाळ्यात काळोखातच सायकल काढून निघायचं. ऑफिसं सगळी बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एकदा एक माणूस सायकलवरून माझ्या मागे मागे आला — मास्क, डोक्यावर हूड. मी वेग वाढवला, त्यानंही वाढवला. गोदामाच्या फाटकाशी मी वळले आणि तो सरळ निघून गेला. बस. झालं काहीच नाही. पण त्यानंतर रोज जाताना मी दहादा मागे वळून बघायचे. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं, हे नेदरलँड्स आहे, इथे काही होत नाही." पायजमा घालून घरून काम करणाऱ्याला काय जातंय म्हणायला!

मग मी दादाला ठाण्याला फोन केला. पेपर स्प्रे पाठव म्हटलं. तिकडे दुकानात सहज मिळतो, कॉलेजात असताना माझ्या पर्समध्ये असायचाच. इथे मात्र तो शस्त्रात धरतात, जवळ बाळगणं गुन्हा. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं — पण ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. लॉकडाऊनमध्ये आम्हा मराठी लोकांचा दर शनिवारी झूमवर कट्टा भरायचा. त्या दिवशी टेक्सासहून माझे दीर, अजितभाऊजी, येऊन बसले. त्यांच्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे, शर्टाखाली लावून ते भाजी आणायला जातात. कोथिंबिरीच्या जुडीला काय धोका असतो, कोण जाणे. "पोलीस येईपर्यंत काय हात जोडून उभं राहायचं?" असं त्यांचं सुरू झालं. आणि मी बोलले. काय बोलले! शस्त्र खिशात आलं की समोरचा प्रत्येक माणूस चोर दिसायला लागतो, आपण ज्या देशात राहतो त्याच्या कायद्यावर भरवसा टाकायला शिकलं पाहिजे — वगैरे वगैरे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादानं तेव्हा स्प्रे विकत घेऊनही ठेवला होता. मला लाज वाटली? छे. उलट आपण छान बोललो असंच वाटत होतं.

त्या कट्ट्यावर मेधाही होती. जवळच्याच उइटहॉर्न गावातली मेधा — नवऱ्यामागून इथे आलेली, मुलगी लहान म्हणून कित्येक वर्षं घरीच बसलेली. इतक्या वर्षांनी तिला विमानतळावरच्या एका कंपनीत नोकरी मिळाली होती, रुजू व्हायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात तिचे वडील कोरोनानं गेले. ती भारतात गेली, आणि धड शेवटचं दर्शनही न होता दिवसकार्य उरकून परत यायला निघाली. आणि मी तिला काय म्हणाले असेन? "येताना माझं जरा भाजणीचं पार्सल आणशील का गं?"

दादाला मीच सांगितलं होतं — भाजणीत खोल खुपसून दे म्हणून.

तिचा फोन आला तो इथल्या विमानतळावरून. बॅग उघडून तपासली होती. आवाज रडून बसलेला. "अगं, तुझ्या भाजणीत पेपर स्प्रे निघाला. तू मागवला होतास?"

आता इथे मला थांबावंसं वाटतं. एक शब्द पुरला असता. "हो." फक्त हो.

मी म्हणाले, "मी? वेडी आहेस का?"

आणि तिनं काय केलं — माझीच माफी मागितली! "नाही गं, तू कशाला मागवशील? त्या दिवशी तू इतकं बोललीस… तुझ्या दादानंच काळजीपोटी घातला असेल." मी म्हणाले, असेल. दादाचाही बळी देऊन मोकळी झाले.

पुढे तिच्यावर केस झाली. त्या नोकरीसाठी पोलिसांकडून चारित्र्य तपासून घ्यावं लागतं, तिथेच ते अडकलं. तिनं एकदाच विचारलं — तुझा दादा दोन ओळी लिहून देईल का, की तो त्यानं घातला होता म्हणून? मी म्हटलं, त्याची सरकारी नोकरी आहे गं, त्याला कसं ओढू यात? दादाला मी विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर त्यानं खरं काय तेच लिहिलं असतं ना! मेधानं पुन्हा विषय काढला नाही. नोकरी गेली.

मी मात्र रोज कामावर जात होते, पर्समध्ये काही नसताना. तो माणूस पुन्हा दिसला नाही. कुणीच कधी आडवं आलं नाही.

मागच्या दिवाळीला आम्ही मेधाकडे जेवायला होतो. ती आता घरून डबे करते. तिची मुलगी मोठी झालीय. जेवता जेवता तिनं इंग्लिशमध्ये विचारलं, आई, तू एअरपोर्टवर काम करणार होतीस ना, मग का नाही गेलीस? मेधा हसली. "माझीच चूक, बाळा. दुसऱ्याची पिशवी उघडून न बघता घेऊ नये."

मी तिच्या शेजारीच बसले होते. तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणाले, "हो ना गं. बघायलाच हवं होतंस."